तुमच्यासाठी कोण शब्द टाकतंय?

लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून द्यायचा आमचा धंदा. ऑफिस नाशिकला, कॉलेज रोडवर. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच गोष्ट समजावतो. दुसऱ्या साइटने तुमची लिंक दिली, म्हणजे तिने तुमच्यासाठी शब्द टाकला. शब्द टाकणारा जितका वजनदार, तितके तुम्ही वर. ऐकणारा मान डोलावतो, घरी जातो आणि आमच्याकडे एका किश्शाची भर पडते.

*

गंगापूर रोडच्या एका मिसळवाल्या अण्णांनी तर आमची वाटही पाहिली नाही. मेव्हण्याला सांगून त्याच्या साइटवर स्वतःची लिंक टाकून घेतली. मेव्हणा सेप्टिक टँक उपसून देतो. त्याच्या पानावर टँकरच्या फोटोखाली ठळक अक्षरांत आलं, ‘झणझणीत मिसळीसाठी इथे क्लिक करा.’

ती काढा म्हणून फोन केला, तर अण्णा म्हणाले, “घरचा माणूस आहे हो. वाईट वाटेल त्याला.”

*

आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, फार घाईचे. नाशिक रोडच्या एका डेंटिस्ट मॅडमसाठी त्यांनी कुठूनतरी घाऊक लिंका विकत घेतल्या. त्या निघाल्या परदेशी जुगाराच्या साइटवरच्या! मॅडमची साइट वर यायच्याऐवजी सर्चमधून गायबच झाली.

मॅडम ऑफिसात येऊन शांतपणे बसल्या. लिंका काढून टाकतो, पण थोडा त्रास होईल, असं सरांनी सांगितलं.

“दात काढताना मीही हेच सांगते,” मॅडम म्हणाल्या. “फक्त चुकीचा काढत नाही.”

*

एका नव्या गिऱ्हाइकाने आमचीच साइट शोधली. सापडली चौथ्या पानावर. त्याने मोबाइल सरांपुढे धरला. सरांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

“आम्ही मुद्दाम मागे थांबतो,” ते म्हणाले. “आपल्याच क्लायंटच्या पुढे कसं जायचं?”

गृहस्थ भारावला. त्याच दिवशी काम देऊन गेला.

*

सिन्नरचे रामनाथशेठ फवारणीचे पंप विकतात. धाकट्या भावाने वेगळं होऊन तेच दुकान समोर टाकलं, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. शेठची साइट मात्र भलतीच वर होती. कोणाच्या जोरावर, हे तपासलं तर सगळ्यात वजनदार लिंक निघाली धाकट्याची. तो फवारणीवर छान माहिती लिहायचा, त्यामुळे त्याच्या साइटला मान होता. तिथे त्याने लिहिलं होतं की पंप खोलायला मला मोठ्या भावाने शिकवलं. आणि ‘मोठ्या भावाने’वर लिंक.

शेठ आता चिडणार, असं सरांना वाटलं. मी स्क्रीन समोर बसलेल्या शेठकडे वळवली. ते बराच वेळ वाचत राहिले. चहा आला, तो तसाच राहिला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळूच विचारलं, “आपल्याकडून बी त्याला एक देता येती का?”

येते, म्हटलं.

“द्या मग. पन त्याला कळू देऊ नका.”