इंग्रज सरदाराची जमीन आणि अम्गऱ्यातलं यार्ड

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला शाळेत इतिहासाचा प्रकल्प होता: शेकडो वर्षांपूर्वीचा एक इंग्रज सरदार आणि त्याची जमीन. मगरिबच्या नमाजानंतर कुवेतमधल्या रिग्गईच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती वाचून दाखवायची आणि मी सोफ्यावर डोळे मिटून ऐकायचो. लढाया फारशा नव्हत्याच. माणूस सकाळी उठायचा, चिखल तुडवत मेंढ्या बघायला जायचा, लोकरीचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडायचा, कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली याचा निवाडा करायचा.

"म्हणजे खोतच की हा," मी म्हणालो.

"व्हॉट्स खोत, अब्बा?"

"आपल्या रत्नागिरीकडे असायचे. गाव त्यांच्या ताब्यात, पण वर सरकार."

"एक्झॅक्टली! जमीन लॉर्डची. हा जस्ट होल्ड करतो."

मी डोळे उघडले. तिने पुढे वाचलं. सरदार तलवार सोडून, उघड्या डोक्याने धन्यापुढे गुडघे टेकतो, जोडलेले हात त्याच्या हातांत देतो, तेव्हा कुठे जमीन त्याच्याकडे राहते. आणि धनी मेला, की धन्याच्या मुलापुढे पुन्हा गुडघे टेकायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अम्गऱ्यात धूळ उठली होती. माझ्या भंगाराच्या यार्डाच्या केबिनमध्ये बसल्या बसल्या माझा डोळा लागला, आणि तो सरदार आला. चिलखत वगैरे काही नाही. ओला लोकरी अंगरखा, घोड्याच्या पायांना चिखल. तांब्याच्या तारांच्या ढिगांमधून, मोडक्या एसींच्या राशींमधून तो सावकाश गेला, आपल्याच मेंढ्या असल्यासारखा एकेक वस्तू न्याहाळत. त्या पिवळ्या धुळीत त्याची नदी होती, पाणचक्की होती, गवत कापणारी माणसं होती. मला विचारायचं होतं, एवढं सगळं तू उभं केलंस, नाव कोणाचं लागलं? पण स्वप्नात माझा आवाज फुटत नाही. जागेपणी जरा जास्तच फुटतो.

हे यार्ड मी उभं केलं. बावीस वर्षांपूर्वी इथे वाळू आणि भटकी कुत्री होती. कागद मात्र एका कुवेती गृहस्थांच्या नावावर. इथे तसंच असतं. ते मला भाऊ म्हणायचे. त्या हिवाळ्याच्या तोंडावर ते वारले आणि दोन महिन्यांत त्यांच्या मुलाचा निरोप आला: महिनाअखेर जागा रिकामी कर, दुसऱ्याला द्यायची आहे. तोही तोंडावर नाही, ड्रायव्हरकरवी. आणि निरोपात माझं नावही नव्हतं, मी नुसता 'रफीक' होतो. रस्त्यावरच्या कुठल्याही हिंदुस्तानी मजुराला इथे तशी हाक मारतात. जागा जाण्यापेक्षा ते मला जास्त लागलं. अजून लागतं.

मी दस्मानला त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, जाऊन उभा राहिलो. भिंतीच्या कडेने दहा-बारा माणसं, मधोमध मुलाचे म्हातारे काका. मला बसवलं, हातात कॉफीचा छोटा पेला आला. माझा धंद्यातला नियम आहे: सौदा ठरेपर्यंत समोरच्याचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. प्यायलं की जीभ मऊ पडते. मी पेला भरलेलाच खाली ठेवला.

सगळ्यांच्या नजरा पेल्याकडे वळल्या. काका पुढे झुकले.

"बोल. काय मागायला आलास?"

"काका, हा तर यार्डवरचा रफीक..." मुलगा म्हणाला.

"रफीक असो नाहीतर वजीर. पेला खाली ठेवलाय त्याने."

मुलाचा चेहरा पडला. मी भांडायची तयारी करून आलो होतो, बावीस वर्षांचा एकेक हिशोब तोंडपाठ. पण कसं कोण जाणे, सगळं धुळीत विरल्यासारखं झालं. मुलाकडे बघून एवढंच निघालं, "यार्ड माझ्याकडे राहू दे. तुझ्या वडिलांच्या वेळी होतं तसं."

मुलाने काकांकडे पाहिलं, मग गालिच्याकडे. "तुझी कॉफी पी," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "कॉफीवर वाटेला लावतोस मला? तुझ्या बापाने कधी..."

अख्खी बैठक हसायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्याने माझा गुडघा दाबला. "अरे वेड्या, मिळालं तुला! पाहुण्याने पेला न पिता ठेवला, म्हणजे त्याचं मागणं आहे. 'पी' म्हटलं, म्हणजे दिलं. माहीत नव्हतं, तर ठेवलास कशाला?"

"धंद्याची सवय," मी म्हणालो. काकांनी हसून हसून डोळे पुसले. कॉफी गार झाली होती. एका घोटात संपवली.

घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "फॉर हाउ मेनी इयर्स, अब्बा?"

किलोमागे दहा फिल्सच्या चिल्लरीसाठी मी तासभर घसा फोडतो. मुदत विचारायची राहूनच गेली होती.

"उद्या जाऊन विचारून या," बायको म्हणाली.

मी गेलो नाही. मुदत विचारली, की ती ठरते. सकाळी यार्डाचं फाटक उघडलं तेव्हा धूळ खाली बसली होती. पहिला ट्रक वजनकाट्यावर चढत होता, आणि ड्रायव्हरने भाव सांगायला तोंड उघडायच्या आत मी "नाही" म्हणालो.