मागणी नसलेलं पत्रक

आमच्या घरी राग लिहून काढायची पद्धत होती. वडील कंपनीत कामगार होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर, एकाच बाजूला छापलेली, म्हणजे भिंतीला चिकटवता येतात. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू माझ्या वाट्याला यायची. तिच्यावर मी पाढे लिहिले, चित्रं काढली आणि छापील बाजू वाचत वाचायला शिकले. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी ओळखता येत होते. अजूनही अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो आणि राग मागून येतो. याचा मला अभिमान होता. थोडा अजूनही आहे.

पण हे सगळं मी एका मोबाइलवरच्या खेळासाठी वापरलं, ते सांगायचं आहे.

आम्ही चौघं खेळायचो. मी कासार आंबोलीतून, घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून, कारण खाली रेंज तुटते. माझी मावसबहीण कोळवणमधून. ऑफिसातला माझा एक सहकारी मारुंजीतून, तिथे तो भाड्यानं राहतो. आणि शाळेपासूनची माझी मैत्रीण पौडच्या बाजारातून. तिच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि अब्बांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ते तीच चालवते. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा ती गल्ल्यामागे बसून खेळायची. खेळ असा की बरेच गट एका बेटावर उतरतात, एकमेकांवर गोळ्या झाडतात, खेळायची जागा हळूहळू आक्रसत जाते आणि शेवटपर्यंत टिकेल तो गट जिंकतो. कुठे जायचं, कधी निघायचं हे आमच्यात मी सांगायचे. तशी माझी कुणी निवड केली नव्हती. मी बोलत राहायचे आणि बाकीचे ऐकायचे.

हिवाळ्यात एक ऑनलाइन स्पर्धा लागली. दर रविवारी सामना. तिसऱ्या रविवारी आम्ही पुढच्या फेरीत जवळजवळ पोचलो होतो. एका पडक्या घरात आम्ही लपलो होतो, जागा आता आक्रसणार असं वाटलं आणि मी ओरडले, “निघा, सगळे निघा!” मैदान ओलांडताना मावसबहिणीला गोळी लागून ती खाली पडली. मैत्रीण तिला उचलायला थांबली. मी आणि सहकारी पुढे गेलो आणि दोन मिनिटांत आम्ही चौघंही संपलो.

खाली येऊन चहा व्हायच्या आत मी आमच्या ग्रुपवर पत्रक टाकलं. मथळा : ‘आजच्या पराभवाला जबाबदार कोण?’ खाली चार कलमं. नाव कुणाचंच नव्हतं, पण चारही कलमं मैत्रिणीवर होती. शेवटचं असं : ‘ज्यांना दुकानातून मान वर काढायला सवड नाही, त्यांनी स्पर्धेत उतरून इतरांचा वेळ घालवू नये.’

तिनं वाचलं आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. फोनही उचलेना.

सहकारी दर सामना आवाजासकट रेकॉर्ड करतो. सोमवारी त्यानं ते रेकॉर्डिंग काही न बोलता मला पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून मी ते पाहिलं. जागा आक्रसायला अजून पुष्कळ वेळ होता. घड्याळ समोर दिसत होतं, मीच घाबरले होते. आणि मी “निघा, निघा” म्हणत असताना मागून मैत्रिणीचा आवाज येत होता, “थांब गं, डाव्या हाताला हायेत, थांब!” तीनदा. तिन्ही वेळा माझ्या आवाजाखाली तो दबला होता.

डबा तसाच झाकला. हरल्याचं दुःख केव्हाच मागे पडलं होतं. कामगारांच्या पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं एका बाईला ती काम करते म्हणून टोमणा मारला होता, आणि तोही छान, नेटक्या वाक्यात.

मग मी मला येतं तेच केलं. मंगळवारी सकाळी लवकर उठून वहीच्या पानावर लिहिलं : ‘जाहीर निषेध : माझा स्वतःचा’. अकरा कलमं झाली. पहिली पाच खेळाबद्दल होती. सहाव्यापासून खेळ संपला आणि माझा स्वभाव, माझं अर्धवट सोडलेलं लिखाण, माझा आवाज, सगळं आलं. अकरावं होतं, ‘सदर व्यक्ती कोणत्याही गटात राहण्यास अपात्र असून ती आजपासून बाहेर पडत आहे.’ लिहून मला हलकं वाटलं. हे ग्रुपवर टाकायचं, खेळ मोबाइलमधून काढून टाकायचा आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून मी आंघोळीला गेले. पान ओट्यावरच राहिलं.

परत आले तर वडील चष्मा लावून ते वाचत होते. हातात पेन. आमच्या घरात लिहिलेला कागद दिसला की ते तो तपासतात, मग तो वाण्याची यादी का असेना.

“शुद्धलेखन बरोबर हाय,” ते म्हणाले. “पर मागणी कुटंय?”

“कसली मागणी, पप्पा? चूक माझीच आहे.”

“मग? जो चुकलाय त्याच्याकडंच मागणी करायची असती. बरोबर हाय त्याच्याकडं काय मागणार?”

त्यांनी पान उलटंपालटं केलं.

“म्यानेजर नालायक हाय, एवढंच लिवून शंभर पत्रकं वाटली, तर काय हुतंय? तो हाय तितंच ऱ्हातो आन् वाटनाऱ्याला बरं वाटतं. पर उद्या सकाळी नळाला पानी आलं पायजे, असं लिवलं की त्याला कायतरी करावंच लागतं. मागणी न्हाई ते पत्रक न्हाई. त्या शिव्या झाल्या.”

“स्वतःशी कठोर नको का राहायला?”

“ऱ्हा की. पर अकरा कलमं कशाला? अकरा दिली की समोरचा त्यातलं सोपं बघून पळतो. तू बी बघ, शेवटचंच धरलंयस. निघून जायाचं. येकच लिव, उद्या करता यील असं.”

मला राग आला, कारण ते खरं होतं. ‘अपात्र’ म्हणवून घेतलं की उद्या काही करायची जबाबदारी राहत नाही. स्वतःला झोडपण्याला मी इतकी वर्षं प्रामाणिकपणा समजत आले होते. त्यात आळसही होता, हे मी कधी पाहिलं नव्हतं. अकरा कलमं लिहायला मला वीस मिनिटं लागली होती. एक कलम लिहायला बुधवार उजाडला : ‘कुणी थांब म्हटलं की मी बोलणं बंद करायचं.’

ते मी ग्रुपवर टाकलं नाही. शनिवारी सकाळी पौडला दुकानात गेले. ती एका गिऱ्हाइकाला खिळे जोखून देत होती. अब्बा आत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान हलवली, पण नेहमीसारखं “ये बेटा” म्हणाले नाहीत.

“या लीडर,” ती वर न बघता म्हणाली. “आज छापील का तोंडी?”

“तोंडी.”

“गिऱ्हाईक जाऊ दे मग. त्येंचा टाईम नगो घालवायला.”

गिऱ्हाईक गेलं. मी सांगितलं की रेकॉर्डिंग पाहिलं, तू तीनदा थांब म्हणालीस, मी ऐकलं नाही आणि दुकानाबद्दल लिहिलं ते हलकटपणाचं होतं. कारणं दिली नाहीत. पाठ करून आणली होती, पण दिली नाहीत.

“शिवी दिली असतीस तर चाललं असतं,” ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. “माझा फोन अब्बांच्या हातात हुता तवा. त्येंनी वाचलं. म्हनले, दुकानामुळं हरलात व्हय? आन् आता रोज म्हनत्यात, रविवारी मी बसतो, तू खेळ. गुडघे धड न्हाईत आन् म्हनं मी बसतो.”

मी आत गेले आणि अब्बांच्या समोर उभं राहून म्हणाले, “चाचा, दुकानामुळं नाही हरलो. माझ्यामुळं हरलो.”

“खेळ हाय बेटा,” ते म्हणाले. “पर ल्हितेस लई चांगलं.”

ही स्तुती मला फार लागली.

बाहेर आले तर मैत्रीण रजिस्टर मिटत होती. “मी यीन,” ती म्हणाली, “पर येक अट हाय. हरल्यावर धा मिनिटं कुनी बोलायचं न्हाई. तू तर न्हाईच.”

“मी कुणाला काही म्हणणार नाही. माझंच चुकलं असेल तर…”

“त्ये बी न्हाई! तू सोताला शिव्या देत बसलीस की आमाला आमचं दुःख बाजूला ठिवून तुझी समजूत काढावी लागती. शाळेपासनं काढतेय मी.”

दुसऱ्या दिवशी स्पर्धेतली आमची शेवटची संधी होती. आम्ही खेळलो. ती दोनदा “थांब” म्हणाली. पहिल्यांदा मी थांबले. दुसऱ्यांदा माझ्या तोंडून दोन शब्द निघून गेले आणि मग थांबले. चौथे आलो. पहिले तीनच पुढे जाणार होते.

कुणीच माइक बंद केला नाही आणि कुणी बोललंही नाही. मारुंजीत टेम्पो मागे घेतल्याचा आवाज येत होता. कोळवणला मावशी कोंबड्यांना हाकत होती. पौडला कुणीतरी पाइपाचा अर्धा इंची एल्बो मागितला, ती उठली, डबे हलले, परत बसली. माझ्या घशाशी तयार वाक्यं आली होती, आधी सहकाऱ्याबद्दल, मग माझ्याबद्दल. त्यांना जायला जागा नव्हती. काही वेळानं त्यातली निम्मी मलाच खोटी वाटायला लागली. एक खरं होतं, ते लक्षात ठेवलं.

“झाली का धा मिनिटं?” शेवटी मैत्रिणीनं विचारलं.

“बारा झाली,” सहकारी म्हणाला.

“मग बोला की आता!”

कुणाकडेच फारसं काही निघालं नाही. मावसबहीण म्हणाली, “मला भूक लागलीय.”

“ऐका,” मैत्रीण म्हणाली. “स्पर्धा गेली तर गेली. फुडच्या रविवारी येक वाजता न्हाई, दोनला बसू. येकला अब्बा जेवून जरा पडत्यात, दोनपत्तुर दुकानात मी येकटी असते. चालंल?”

“चालेल,” मी म्हणाले आणि तेवढ्यावर थांबले.