होडीचं तोंड

बाळकुमचा धाकू कोळी समुद्राची चित्रं शिकायला आलाय म्हटल्यावर नौपाड्यातल्या सबनीस सरांना आधी हसूच आलं. बाबुराव सबनीस म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. रविवारी सकाळी घरातल्या पुढच्या खोलीत वर्ग घ्यायचे. वर्गाला बँकवाल्यांची मुलं, दोन-चार हौशी बायका, आणि त्यांच्यात आता हा पन्नाशीला टेकलेला राकट गडी, नखांत करडा रंग बसलेला.

"अहो, समुद्र मी तुम्हाला शिकवायचा की तुम्ही मला?" सर म्हणाले.

"मना तो कागदावर येत नाय," धाकू म्हणाला आणि सतरंजीवर बसला.

खरं तर त्याला समुद्र नकोच होता. त्याला मोरू हवा होता.

खाडीचं पाणी नासलं, मासळी गेली, तसा धाकू वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांवर रंगाचा फवारा मारायला जाऊ लागला. होडी त्याचा एकुलता एक मुलगा मोरू चालवायचा. चौऱ्याऐंशीच्या थंडीत मोरू एकटाच ती घेऊन घोडबंदरच्याही पुढे, पार वसईच्या तोंडापर्यंत गेला. होडी सापडली, रिकामी. मोरू सापडला नाही. भाऊबंदांनी आठवडाभर खाडी पिंजून काढली, मग एकेक करून सगळे आपापल्या कामाला लागले.

मोरूची आई मालू मात्र ऐकायलाच तयार नव्हती. देह दिसला नाही तोवर माझा पोऱ्या हाय, म्हणायची. त्याचे दिवस घालू दिले नाहीत. धाकूचा धाकटा भाऊ विठ्ठल दर पितृपक्षात विषय काढायचा, "दादा, पोराच्या जिवाला गती नको का?" धाकू मान हलवायचा आणि म्हणायचा, "तिला विचार." तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. गावाला काय, बोलायला तोंडं असतातच. मालूचं डोकं फिरलंय इथपर्यंत बोलून झालं.

त्याच मालूने एकदा धाकूला धरलं. नारळी पौर्णिमेआधी गावातल्या होड्या रंगवायच्या, त्यांच्यावर नावं आणि एकवीरा आई काढायची, ते काम वर्षानुवर्षं धाकूकडेच. "देवीला काढताव, तर माझ्या मोरूला काढा," ती म्हणाली. "होरीत बसलाय, घराकडं येतोय, असा काढा." घरात मोरूचा फोटो म्हणाल तर शाळेतला एक, तोही साऱ्या वर्गासोबतचा, त्यात त्याचं तोंड मसुरीच्या दाण्याएवढं. धाकूने चार-पाचदा प्रयत्न केला. जमेना, म्हणून नौपाडा.

पहिली दोन वर्षं त्याचा प्रत्येक समुद्र कपाटाच्या दारासारखा यायचा, वरपासून खालपर्यंत एकच करडा, गुळगुळीत. क्षितिजाची रेघ कागदाच्या बरोबर मध्यावर. होडी त्या रेघेच्या बरोबर मध्यावर. आणि होडीत मोरू, नाकीडोळी रेखलेला, होडीहून मोठा.

"हा माणूस नुसता हलला तरी होडी उलटेल हो!" सर एकदा म्हणाले. पोरं खिदळली. धाकूने कुंचला पाण्यात बुडवला आणि तसाच धरून राहिला. त्या दिवशी कुणीतरी सरांना मोरूची हकिगत सांगितली. त्यानंतर सरांनी धाकूची कधी थट्टा केली नाही. शिकवलं मात्र दुप्पट.

"होडी नेहमी मधोमध का काढता?"

"कडंला पानी उथल, सर. चिखलात रुतंल ना."

"कागदावर चिखल नसतो. मधोमध ठेवली की नजर तिथेच खिळते, फिरत नाही. जरा बाजूला सारा. आणि रेघ वर न्या नाहीतर खाली न्या. पाणी दाखवायचंय की आभाळ, ते एकदा ठरवा. दोन्ही मिळत नाही."

धाकूला ठरवायला फार दिवस लागले. पण हळूहळू हात वळला. लांबचं पाणी फिकं, जवळचं गडद. प्रत्येक लाट काढायची नाही, तीन-चार काढल्या की बाकीच्या बघणारा आपल्या मनाने काढतो. लांब गेलेल्या माणसाला नाक-डोळे नसतात. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं. चित्र चांगलं जमत आलं की तो मोरूला तोंड काढायला बसायचा आणि सगळ्याचा विचका करायचा. मालू रोज विचारत नसे. पण रविवारी तो रिकाम्या हाताने घरी आला की ती आत निघून जायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात सर सगळ्यांना वसईच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. धाकू तिथे जायला तयार नव्हता. गेला, एकीकडे बसला आणि दुपार टळेपर्यंत उठला नाही. रेघ वर नेली, खाली नुसतं पाणी, ओहोटीचं, ऊन सांडलेलं. होडी उजव्या अंगाला, लांब. होडीत मोरू म्हणजे कुंचल्याचे दोन गडद ठिपके. सर मागे येऊन उभे राहिले.

"एकच करा," ते म्हणाले. "होडीचं तोंड काठाकडे, कागदाच्या बाहेर आहे, बघणाऱ्याची नजर तिच्यामागून बाहेर जाते. ते आत वळवा, खोल पाण्याकडे."

धाकूने वळवलं. दोन फटकाऱ्यांचं काम. आणि चित्र असं काही बसलं की त्याचं त्यालाच हसू फुटलं. त्या दुपारभर तो मोरूला साफ विसरला होता. सात वर्षांत पहिल्यांदा तो सुखात होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

वर्गाचं प्रदर्शन नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये लागलं. सरांनी धाकूचं चित्र दारासमोरच्या भिंतीवर लावलं. मालू नवं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून आली. मुलाला बघायला आली होती ती. चित्रापुढे उभी राहिली, मग अगदी जवळ गेली.

"मोरू कुठं हाय?"

धाकूने ठिपका दाखवला.

"येवरा बारीक?" ती बघत राहिली. कोळ्याच्या बाईला होडी वाचायला काय लागतं? "यो येत नाय," ती म्हणाली. "यो चाललाय."

तिने काय मागितलं होतं ते धाकूला आत्ता आठवलं. "फिरवतो गं," तो गडबडीने म्हणाला, "उद्याच फिरवतो तोंड. सोपं हाय."

"कशाला? बेस आयलंय." ती चित्रावरची नजर काढत नव्हती. "चाललाय तर जाऊ द्या त्याला. भाऊजींना सांगा, दिवस घाला."

इतकी वर्षं धाकू सांगत आला होता की मालू ऐकत नाही. ऐकायचं तर त्यालाच नव्हतं. तिच्या आशेच्या आडोशाला तो बसून होता, आणि तो आडोसा त्याने आपल्याच हाताने, चांगलं चित्र यावं म्हणून, मोडला होता.

देह नसला की पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. खाडीकाठी भटजी आले, भाऊबंद जमले. पुतळा कुणी करायचा म्हटल्यावर सगळ्यांनी धाकूकडेच बघितलं, गावात हात त्याचाच चांगला. भटजींना हात, पाय, डोकं एवढंच पुरे होतं. धाकू नाक काढायला बसला. मग ओठ. मग डाव्या भुवईवरचा व्रण. भटजींनी दोनदा घसा खाकरला.

"पुरे, दादा," विठ्ठल म्हणाला, "भरती लागलीय."

"थांब. आता कुठं मोरू दिसायला लागलाय."

विठ्ठलने त्याच्या हातातून पुतळा काढून घेतला, तेव्हा धाकू मोठ्याने रडला.