आमच्या कंपनीतले नळ-दमयंती

नाटक कंपनी मोडली की पडदे कोणीतरी मंडपासाठी घेऊन जातं, मुकुट पोरांच्या खेळण्यात जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते आपल्याच घरी येऊन बसतात आणि चहा मागतात! मी आमच्या कंपनीत पायपेटी वाजवायचो. सगळे मला मास्तर म्हणायचे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर हा आमचा मुलूख. नाटकं बरीच केली, पण आमचं नाव झालं ते नळ-दमयंतीवर. पेटीवाला स्टेजच्या पुढ्यात बसतो, त्यामुळे त्याला दोन्हीकडचं दिसतं. नटांचंही आणि पब्लिकचंही. तर ऐका.

*

आमचे नळराजे म्हणजे गोविंदराव. गळा असा की तान सुटली की कंदिलाची काच थरथरायची! पण एक खोड. टाळी पडली की यांचा पाय जागचा हलायचा नाही.

नळ झोपलेल्या दमयंतीला रानात सोडून जातो, त्या प्रवेशात त्यांचं एक निरोपाचं पद होतं. नंदुरबारला पब्लिकनं वन्समोअर दिला. गोविंदराव विंगेपर्यंत जाऊन परत आले. पुन्हा पद. पुन्हा वन्समोअर. पुन्हा विंगेपर्यंत, पुन्हा परत! बिचारी दमयंती थंड फळ्यांवर डोळे मिटून पडलेली. गोविंदराव आणखी एकदा वळले, छातीवर हात ठेवला, सूर लावला, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उभी राहिली.

"ए भाऊ! तुले जानं शे का ऱ्हानं शे, ते एकदाव सांगी दे! ती बिचारी जागी व्हई जाई ना!"

सगळा तंबू हसला. झोपलेली दमयंतीसुद्धा पोट धरून हलायला लागली. गोविंदरावांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्धी तान गिळली, म्हातारीला नमस्कार केला आणि सरळ निघून गेले.

पुढे ते मोठ्या कंपनीत गेले, पुण्या-मुंबईकडे गाजले. पण त्या कंपनीचा दौरा नंदुरबारला आला आणि मी भेटायला गेलो की तोंडाला रंग लावण्याआधी पडद्याच्या फटीतून बायकांची बाजू बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, ती आली आहे का हो?"

*

त्या वेळची आमची दमयंती म्हणजे वसंता. नऊवारी नेसून वसंता चालायला लागला की गावातल्या बायका आपापले पदर सारखे करायच्या.

कोरीटच्या एका पाटलांच्या मनात त्याला जावई करून घ्यायचं आलं. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. पाटील नाटक बघायला आले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांपुढे, म्हणजे आप्पांपुढे, खाली मान घालून बसले.

आप्पा म्हणाले, "काय झालं पाटील? मुलगा पसंत नाही?"

"पोऱ्या सोनासारखा शे, आप्पा. पन मन्ही पोर त्यानापेक्षा सावळी शे. जोडा उभा ऱ्हायना ते लोके काय म्हनतीन?"

मुलीचं नाव सरू. तिनं घरी बसून निरोप धाडला, "त्याहीले म्हना, दाढी वाढू द्या. मंग दखसू!"

झालं! वसंतानं वस्तरा पेटीत टाकला. आणि शहाद्याचा प्रयोग तोंडावर! आप्पांनी समजावलं, रागावले, हात जोडले. वसंता म्हणाला, "आप्पा, संसाराचा प्रश्न आहे." शेवटी दाढीवर पांढरा रंग थापला आणि पदर नाकापर्यंत ओढून दमयंती स्टेजवर आली. पहिल्या अंकात कोणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं, आज दमयंती जास्तच लाजते आहे.

मग स्वयंवर आलं. गोविंदराव पुढे झाले. "प्रिये, मुख वर कर," म्हणून त्यांनी दोन बोटांनी हनुवटी उचलली आणि पुढचं वाक्य विसरून म्हणाले, "अरे बाप रे!"

पब्लिकनं दाढी बघितली. आप्पा विंगेतून ओरडत होते, "पडदा! पडदा टाका!" पडदेवाला हसून हसून दोर तसाच धरून बसला होता. त्या गोंधळात सरू बायकांत बसून वसंताकडे टक लावून बघत होती. मग ती बापाकडे गेली आणि म्हणाली, "आबा, जमाडी टाका."

*

लग्नानंतर वसंतानं लुगडं कायमचं बाजूला ठेवलं, मिशी वाढवली आणि नंदुरबारच्या बाजारात बांगड्यांचं दुकान टाकलं. कंपनीला दमयंती राहिली नाही. तोवर स्टेजवर बायका यायला लागल्या होत्या. आप्पांनी धुळ्याकडून गोदूबाईंना आणलं. लहानपणापासून गाणं शिकलेल्या, सुरांच्या पक्क्या, स्वभावानं तिखट.

पहिल्याच प्रयोगात गोदूबाई आल्या, चार पावलं चालल्या आणि मागून आवाज आला, "हाई बाई बाईसारखी नही चालस!"

तंबूभर माना हलल्या. लोकांच्या डोळ्यांत वसंता भरलेला! गोदूबाईंनी पदं फक्कड म्हटली, टाळ्याही घेतल्या, पण आत आल्यावर पैंजण काढून जमिनीवर आपटले. "मी बाई आहे की नाही, हे आता हे लोक ठरवणार?"

रात्रभर धुमसल्या आणि सकाळी मला घेऊन बाजारात वसंताच्या दुकानावर गेल्या. "वसंतराव, मला चालायला शिकवा."

वसंता आधी हसला. मग गल्ल्यावरून उठला, धोतराचा सोगा खांद्यावर घेतला आणि मिशीसकट भर दुकानात चालून दाखवायला लागला. "मान आधी वळवायची, गोदूबाई, डोळे मागून. आणि टाच अशी टेकवायची, जसं काही खाली फूल आहे." बांगड्या भरायला आलेल्या बायका हात तसेच पुढे धरून बघत राहिल्या. गोदूबाई मागे मागे चालतायत, वसंता पुढे पुढे. रस्त्यावर ही गर्दी!

एवढ्यात आतून सरू आली. कपाळाला हात लावून उभी राहिली.

"सालेसाल लागनात मले याहीले मानूससारखं चालाले शिकाडाले! बाई, तू एकच दिनमा सर्व बिघाडी टाकं!"

*

शंकरराव आमचे कली. नळाच्या अंगात शिरून त्याचं वाटोळं करणारा तो कली. गळा खर्जाचा, ढोलकी गळ्यात, एंट्री उडी मारून. गावोगाव त्यांनी शिव्या खाल्ल्या. एकदा तर चप्पलही आली. ते म्हणायचे, "मास्तर, तालमीत घाम मी गाळतो आणि हार मात्र नळाच्या गळ्यात!"

तळोद्याला बाजाराचा दिवस होता. सातपुड्यातून उतरलेली पावरा आदिवासी मंडळी मुक्काम करून नाटकाला थांबली. आमची भाषा त्यांना फारशी कळत नव्हती. नळाच्या पदांना ते शांत. दमयंतीच्या पदांना शांत. कली आला आणि सगळे उठून उभे राहिले! शंकररावांनी ढोलकीवर थाप मारली की खालून शिट्टी. शंकरराव गडगडाटी हसले की खालूनही हसू. नाटक संपल्यावर त्यांच्यातला एक म्हातारा आत आला आणि शंकररावांचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलला. ओळखीचा दुकानदार होता, त्यानं सांगितलं, "तो म्हणतो, बाकीचे सगळे रडत होते, हा एकटाच हसत होता. हा चांगला माणूस. याला होळीला आमच्याकडे धाडा."

शंकरराव गेले. होळी झाली, धुळवड झाली, आमचा पुढचा मुक्काम आला, तरी शंकररावांचा पत्ता नाही! आप्पांनी मला धडगावकडे पिटाळलं. बैलगाडी, मग पायवाट, मग नुसता चढ. वर पोहोचलो तर शंकरराव डोक्याला मोरपिसं, कमरेला घुंगरू, अंगावर राखेचे ठिपके आणि गळ्यात त्यांच्याहून मोठा ढोल! मला बघून लाजलेसुद्धा नाहीत.

मी म्हणालो, "शंकरराव, कंपनी खोळंबली आहे. चला."

त्यांनी ढोल खाली न ठेवताच उत्तर दिलं, "मास्तर, तुमच्या नाटकात मला शेवटी रोज हाकलून देतात. इथं मला कोणी जाऊच देईना!"

*

भास्कर म्हणजे नळाचा भाऊ पुष्कर. देखणा, आवाज पातळ पण गोड. बोलपट आले तसं भास्करचं चित्त उडालं. "मालक, आता गळ्याला पंख फुटणार," म्हणाला आणि मुंबईची गाडी धरली. त्याची माय आम्हाला रोज विचारायची, "मन्हा भास्कर कधय दिखाई?"

एक दिवस खबर आली की भास्करनं काम केलेलं चित्र नंदुरबारच्या सिनेमाच्या तंबूत लागतंय. कंपनीनं तालीम बंद ठेवली. मायला पुढे बसवलं. चित्र सुरू झालं. राजे आले, राण्या आल्या, हत्ती आला, भास्कर काही येईना. मग दरबार भरला आणि राजासमोर एक माणूस पाठमोरा उभा राहिलेला दिसला.

माय ताडकन उठली. "हाई पाठ मन्हा पोऱ्यानी शे! मी वळखस! भास्कर, आठे देख ना रे!"

आम्हीही ओरडलो. सगळा तंबू ओरडायला लागला, "भास्कर, आठे देख!" पण दरबार संपला आणि पाठ गेली. मायचे डोळे भरले. तेवढ्यात मागून कोणीतरी मशीनवाल्याला हाक दिली, "परत लाव रे! आते तो फिरी!"

आणि मशीनवाला आपल्याच गावचा. त्यानं परत लावलं!

भास्कर परत आला तेव्हा आप्पांनी विचारलं, "काय रे, नुसती पाठच?"

भास्कर म्हणाला, "आप्पा, तिथं तोंड दाखवायला नशीब लागतं. पाठ दाखवायला नुसती ओळख पुरली."

*

हंसाचं राहिलंच. नळाचा निरोप दमयंतीला नेणारा हंस करायचे धोंडूबुवा. वजन म्हणाल तर या हंसाला बघून तळ्याला घाम फुटावा! पण गळा असा हलका की डोळे मिटले तर खरंच पाखरू वाटे. जन्म तापीकाठच्या प्रकाशा गावचा, नदीत डुंबून वाढलेले.

दसऱ्याच्या आधी आम्ही नंदुरबारहून शहाद्याला निघालो होतो आणि प्रकाशापाशी नावेनं तापी ओलांडत होतो. दुपारची वेळ, पाऊस थांबलेला, पण तापी अजून भरलेली. नावेत आम्ही मंडळी, बागेचा पडदा, नळाचा रथ आणि माझी पायपेटी. नदीच्या मध्यावर नाव एका अंगाला कलली आणि कडेवरून पाणी आत यायला लागलं.

नावाडी ओरडला, "वजन कमी करा! नही ते समदा बुडतीन!"

मी पेटीला मिठी मारली. गोदूबाई म्हणाल्या, "रथ टाका!" रथ बनवणारा म्हणाला, "पेटी टाका!" मी म्हणालो, "पडदा टाका!" आप्पा पडद्याच्या गुंडाळीवर आडवेच झाले. पाणी घोट्यापर्यंत आलं. कोणी रामनाम घ्यायला लागलं. आप्पांनी मान वर करून एकेकाकडे बघितलं आणि नजर धोंडूबुवांवर थांबली.

"बुवा, तुम्ही हंस ना?"

"हो."

"मग?"

धोंडूबुवांनी पागोटं काढलं, कोट काढला, नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि धप्पकन उडी मारली. नाव वीतभर वर आली!

बुवांनी मागची फळी धरली आणि पाय मारत नाव ढकलायला लागले. आम्ही हसलोसुद्धा. तेवढ्यात धारेचा लोट आला, त्यांचा हात सुटला आणि बुवा दिसेनासे झाले. पाणी नुसतं गढूळ, फिरणारं. आप्पांनी बुवांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. ते नावेची कड धरून ओरडले, "धोंडूऽऽ!" आणि पोहता येत नसताना कोटाच्या गुंड्या काढायला लागले. आम्ही दोघातिघांनी त्यांना मिठी घालून धरलं. आप्पा रडत होते.

मग नावेच्या पुढून, पाण्यावरून, सूर आला. हंसाचं पद! बघतो तर धोंडूबुवा चांगले पुढे निघून गेलेले, उताणे तरंगतायत आणि वरचा षड्ज लावून गातायत. नावाड्यानं सुराकडे तोंड वळवलं. वल्ही नकळत तालात पडायला लागली. माझी बोटं बंद पेटीवर चालत होती. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून उभ्या राहिल्या.

काठाला लागल्यावर आप्पांनी ओल्या बुवांना घट्ट धरलं. नावाडी खुंटीला दोर बांधत होता. त्यानं बुवांना खालवर न्याहाळलं, मग नावेकडे बघितलं आणि म्हणाला,

"मालक, दर खेपले अस्साच एक गानारा पानीमा सोडत जा. नाव मस्त चालस!"