नवी नव्हे, उलटवलेली

कुशिदा यासाबुरो आमच्या मिनेसाकी गावात तातामी शिवायचा. जमिनीवर अंथरायच्या त्या जाड चटया गावातल्या निम्म्या घरांत त्याच्याच हातच्या होत्या. त्याच्याविषयी मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा लिहिलं होतं, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी. नऊ पानं. त्या नऊ पानांपायी तो पाच वर्षं तुरुंगात गेला.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा पोलीस होतो. आवाज बारीक, पण अक्षर चांगलं. म्हणून चौकशीच्या खोलीत कोपऱ्यातल्या मेजाशी बसून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

आग लागली दुपारी चारच्या सुमारास. यासाबुरोच्या, चटयांचं गवत साठवायच्या खोपटाला लागून सोया सॉसवाल्यांचं पिंपांचं कोठार होतं. दोन्ही जळाली. माणूस कुणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यासाबुरो ठेवणीतला कोट घालून निघाला आणि तेवीस घरांच्या दारांत कमरेत वाकून म्हणाला, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

आमच्याकडे ज्याच्या आवारातून धूर निघतो तो असं करतोच. चूक कुणाची, हा प्रश्नच नसतो. न गेल्यास गावाच्या सार्वजनिक स्नानगृहात त्याच्या बायकोशेजारी कुणी बसणार नाही. आमच्याही दारात तो आला होता. आई म्हणाली, "अहो, तुम्ही काय करणार! वाराच तसा होता." मी तिच्या मागे बूट घालत उभा होतो. म्हणजे त्या माफीचा अर्थ मला पुरता ठाऊक होता.

पण त्या वर्षी कुंपणावरून यासाबुरो आणि सॉसवाल्यांचं भांडण झालेलं होतं. सॉसवाल्यांच्या सुनेनं ठाण्यात येऊन सांगितलं, "तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरलाय, माझ्यामुळे झालं म्हणून." आठवड्यानं यासाबुरोला पकडून आणलं.

पहिल्या दिवशी त्याला एक वाक्य ऐकवणं माझं काम होतं. राज्यघटनेचं अडतिसावं कलम : स्वतःविरुद्ध बोलायला कुणावरही जबरदस्ती करता येत नाही. पोलीस शाळेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. मी कागदावरची नजर न उचलता एका दमात म्हणालो, "मनाविरुद्ध काहीही सांगण्याची तुम्हाला गरज नाही वकील नेमता येतो."

यासाबुरो पुढे झुकला. "काय म्हणालात?"

हवालदार हानेओका, चौकशी करणारे, हसले. "हा आमचा साकाझुमे डासासारखा बोलतो. काही नाही हो, कारागीर. सरकारी मंत्र आहे, प्रत्येकापुढे म्हणावा लागतो. चहा घ्या."

यासाबुरोनं माझ्याकडे बघून मान लववली, जणू मी त्याचं काही काम केलं होतं. मला ते वाक्य पुन्हा म्हणता आलं असतं. मी पेनात शाई भरली.

हानेओकांनी त्याला बोट लावलं नाही, आवाजही चढवला नाही. वीस दिवस, सकाळी नऊपासून, तेच तेच विचारलं.

"आग तुम्ही लावली नाही, तर तेवीस घरी वाकलात कशाला?"

"आमच्याकडून धूर गेला ना त्यांच्या घरात."

"आमच्याकडून म्हणजे? घरात कोण कोण?"

"मी आणि बायको, किनुए."

"मग किनुएनं लावली?"

"छे! ती चूल पेटवतानासुद्धा घाबरते."

"मग उरलं कोण?"

यासाबुरोनं बोटांवर मोजलं. "मीच उरलो," तो म्हणाला.

"कारागीर, चुकीबद्दल वाईट वाटतंय ना?"

"वाटतंय तर. झोप लागत नाही."

आमच्याकडे जबाब आरोपी लिहीत नाही. तो बोलतो आणि पोलीस लिहितात, पण "मी" म्हणून लिहितात. हानेओका सांगत गेले, मी लिहीत गेलो. "मी त्या दुपारी दुकानात एका चटईवर नवं गवत चढवत होतो. कुंपणाचा राग मनात होता. मी खोपटात गेलो आणि काडी ओढली." काडी ओढल्याचं यासाबुरो एकदाही बोलला नव्हता. त्यातला "मी" माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात आला.

विसाव्या दिवशी मी जबाब वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर हानेओकांनी विचारलं, "काही चुकलंय?"

"एक चुकलंय," यासाबुरो म्हणाला.

आता तो बोलेल असं मला वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं.

"नवं गवत नव्हतं ते. नाकानोबाईंची चटई होती. मी जुनंच गवत उलटवून लावत होतो. नवं लिहिलंत तर त्यांना वाटेल, नवं सांगून उलटवलेलं दिलं. तेवढं नीट करा."

हानेओकांचा चेहरा खुलला. "करा, करा, साकाझुमे! कारागीर कामाचे पक्के आहेत."

मी "नवं" खोडून "जुनं उलटवून" लिहिलं. दुरुस्तीपाशी त्यानं बोटाचा ठसा दिला आणि शेवटी सहीखाली दुसरा.

कोर्टात त्यानं आग लावल्याचं नाकारलं. न्यायाधीशांनी विचारलं, "मग ठसा का दिलात?"

"यांनी वीस दिवस खाली मान घालून लिहिलं," माझ्याकडे हात करून तो म्हणाला. "ठसा दिला नसता तर त्यांची मेहनत वाया गेली असती."

लोक हसले. मीही साक्षीदारांच्या बाकावर बसून ओठ दाबले, हे मला लिहायलाच हवं. निकालात म्हटलं होतं की आरोपीनं जबाब इतक्या बारकाईनं ऐकला की जुन्या-नव्या गवताचा फरकसुद्धा दुरुस्त करून घेतला. तेव्हा बाकीचा मजकूर त्यानं आपखुशीनं मान्य केला यात शंका नाही.

तो सुटून आला तेव्हा गावात कुणी त्याला काम देईना. किनुएनं दुकानाची पाटी आत नेऊन ठेवली होती. तो डोंगरापलीकडच्या गावांत सायकलवरून फिरून चटया शिवायचा. समोरून त्याची सायकल दिसली की मी गल्लीत वळायचो. अशी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली.

निवृत्त झाल्यावर वसंतात एकदा मी त्याच्या दारात गेलो. तो सत्त्याहत्तरचा होता. बुटक्या बाकावर चटई ठेवून शिवत होता. जाड सुई ओढायची आणि कोपरानं दोरा दाबून आवळायचा. मी जमिनीवर कपाळ टेकून माफी मागितली.

"उठा, उठा," तो म्हणाला. "माफी मागताना जपून. कुणी लिहून घेईल."

किनुए आत खुदकन हसली.

मग तो म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही काहीतरी पुटपुटला होतात. काय होतं ते? तुरुंगात बरेचदा आठवायचा प्रयत्न केला."

मी गुडघ्यांवर हात ठेवून, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मनाविरुद्ध काहीही सांगण्याची तुम्हाला गरज नाही."

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. त्याची सुई थांबली होती.

"एवढंच?"

"एवढंच. आणि वकील."

"मला वाटलं, घसा साफ करताय." त्यानं सुईत दोरा ओवला. "सोपं वाक्य आहे की."

तिथे मी उठायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं ओझं होतं आणि मला ते उतरवायचं होतं. मी विचारलं, "कुशिदासान, त्या दुपारी नक्की काय झालं? तुम्ही लावली नव्हती ना आग? एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत.

"आत्ताच तर म्हणालात," तो म्हणाला, "गरज नाही म्हणून."

आणि तो शिवू लागला. दोरा आवळल्याचा कर्र असा आवाज तेवढा येत राहिला. किनुएनं चहा आणि मुरवलेला मुळा आणून ठेवला. मी चहा संपवला. तिच्याकडे बघितलं, तर ती मुळ्याची ताटली माझ्याकडे सरकवत होती.

निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या घरी चटया कशा आहेत?"

"पिवळ्या पडल्यात. नव्या करायला हव्यात."

"मी येऊन बघतो. बहुतेक उलटवून भागेल."

तो आला आणि दोन दिवसांत सहा चटया उलटवून गेला. आतली बाजू अजून हिरवी होती. त्यानंतर तो सहा वर्षं जगला. अधूनमधून मी जात असे. बर्फाविषयी, त्याच्या गुडघ्यांविषयी बोलणं व्हायचं. तो प्रश्न मी पुन्हा काढला नाही. विचारायचा हक्क मला होता तेव्हा मी नुसता लिहीत बसलो होतो.