डाव्या बाजूचे उलटे आटे

श्री. वसंतराव देवरे यांच्याशी माझी ओळख एका इंग्रजी पुस्तकामुळे झाली. त्या पुस्तकाचं मराठी करताना मी केलेली घोडचूक त्यांनी सात वर्षं मला कळू दिली नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या अंकात एवढंच छापलं तरी पुरे होतं, पण गौरव समितीला दोन पानं हवी आहेत.

नव्वदच्या सुमारास मी नाशिकच्या पाटबंधारे कार्यालयात बदलून आले. देवरेसाहेब तिथे नकाशे काढत. कळवणजवळच्या एका मळ्यातून त्यांनी जुनी अमेरिकन मोटार ट्रकवर घालून घरी आणली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक घेऊन साहेब माझ्या टेबलाशी आले. "बाई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. एवढं मराठीत करून द्याल?"

मी ऐटीत एकेक पान करून द्यायला लागले. मोटारीतलं मला काडीचंही कळत नव्हतं. डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे आहेत, म्हणजे ते उलट्या दिशेने फिरवल्यावर सुटतात, असं पुस्तकात होतं. मी लिहिलं, 'डाव्या बाजूचे नट डाव्या हाताने फिरवावेत.' साहेबांनी ते तंतोतंत पाळलं. नट हलेना तेव्हा पान्याला पाइप लावला, पण हात डावाच. दोन बोल्ट तुटले.

भद्रकालीतले मिस्त्री आले आणि कपाळाला हात लावून बसले. "साहेब, उलटे आटे हाय याला! डाव्या हाताचं कोण्या शहाण्याने सांगितलं?"

"पुस्तकातच तसं होतं," साहेब म्हणाले.

मनमाडच्या भंगारात तसे बोल्ट मिळाले नाहीत. शेवटी सिन्नरला लेथवर करून घेतले. चार महिने गेले. हे मला देवरेवहिनींनी सांगितलं, सात वर्षांनी. मी तावातावाने जाब विचारायला गेले, तर साहेब म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही पुढची पानं केली नसतीत."

खरंच होतं ते. हे कळलं तेव्हा ब्रेकची पानं माझ्याकडे होती, आणि मग ती मी केली नाहीत. नट चुकला तर चार महिने जातात, ब्रेक चुकला तर माणूस जातो. या भीतीने मी पुस्तक कपाटात ठेवलं. साहेबांनी एकदाही आठवण करून दिली नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी इंजिन खोलायला घेतलं. काढलेल्या प्रत्येक भागाचं आधी चित्र काढलं, मगच तो धुतला. एका सकाळी इंजिन सुरू झालं. वहिनींना शेजारी बसवून गाडी पायी चालल्यासारखी, मी उभी होते त्या फाटकापर्यंत आली.

"चला की कॉलेज रोडपर्यंत," वहिनी म्हणाल्या.

"ब्रेक व्हायचेत," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे त्यांना कंपवात झाला. रेघ ओढणारा तो हात आता चहाची कपबशी धरू शकत नाही. गाडी फाटकाच्या आतच राहिली.

आता समितीच्या सदस्यांनो, तुमच्याबद्दल. साहेबांचे चिरंजीव आणि तुम्ही मिळून ती गाडी हायवेवरच्या हॉटेलला भेट दिलीत. हिरवळीवर चौथऱ्यावर ठेवणार, इंजिन काढून बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार. याला तुम्ही गौरव म्हणता. मी साहेबांना विचारलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"नाही म्हणायला मला विचारलं कुठे, बाई?"

गेल्या आठवड्यात हॉटेलची माणसं चाकं काढायला आली. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. उजवी चाकं निघाली. डाव्या बाजूला नट हलेना, तसा त्यांनी पान्याला पाइप लावला. तुटू देत सगळे बोल्ट, असं मनापासून वाटलं मला.

साहेब कठड्याला धरून उठले. "दादा, उलटं फिरवा. डावीकडचे आटे उलटे असतात. जोर लावू नका, तुटतील."

नट लोण्यासारखे फिरले. अर्ध्या तासात गाडी ट्रकवर चढून गेली.

साहेब, अशा लेखाच्या शेवटी उदंड आयुष्य चिंतायचं असतं. कशासाठी, ते मला आज सांगता येत नाही. तरी ते तुम्हाला लाभो. गोळ्या वेळेवर घ्या, जिन्यावरून एकटे उतरू नका. ब्रेकची अकरा पानं मी या आठवड्यात मराठीत केली. भद्रकालीच्या मिस्त्रींकडून शब्दन् शब्द तपासून घेतला आहे. गुरुवारी येऊन वाचून दाखवते.