आठपर्यंत

१९५९ सालच्या मे महिन्याचा शेवटचा दिवस, रविवार. तिकीट दहा नवे पैसे. हजर: मी, माझी पत्नी, आमच्या दोन मुली आणि संग्रहालयवाले अण्णा.

"स्वल्प हनुवटी वर. सरी, ठीक आहे. आता हलू नका," ते धाकटीला म्हणाले आणि काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागे गेले.

तुमच्यापैकी कोणी त्या काळी बंगळूरच्या चिकपेटेत राहिलं असेल, तर त्यांना पाहिलं असेल. पुतण्याच्या स्टुडिओवरच्या खोलीत त्यांनी फोटोग्राफीचं संग्रहालय मांडलं होतं. कॅमेरे अकरा, त्यांतले सात बिनभिंगाचे. मुख्य वस्तू म्हणजे एक खुर्ची. फोटो काढताना मान हलू नये म्हणून तिच्या पाठीला लोखंडी चिमटा होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते तिच्यात बसवत, भिंगावरचं झाकण काढून मोठ्याने आठ अंक मोजत, झाकण लावत आणि म्हणत, "छान आला."

कॅमेरा रिकामा असे. ज्यांवर फोटो उमटतो त्या जुन्या मापाच्या काचा मिळणं कधीच बंद झालं होतं.

"अण्णा, आत काच नाही, तर आठ कशाला? पाच पुरेत," मी एकदा म्हणालो.

"पाचात अंधार येतो," ते म्हणाले. हसले नाहीत.

पुतण्याला ती खोली डार्करूमसाठी हवी होती. त्याने अट घातली होती, मे महिन्यात शंभर तिकिटं खपली तर खोली काकांची, नाहीतर जूनपासून त्याची. मी एका कारखान्यात हिशेबनीस होतो आणि समोर राहत होतो. मी मोजेन तो आकडा दोघांनाही मान्य होता.

त्या रविवारी दुपारी मी पाहुण्यांची वही पाहिली. नोंदी एक्क्याण्णव. त्यांत दूधवाला चार वेळा आणि पोस्टमन तीन वेळा होता.

"यांनी तिकीट काढलं होतं?"

"नाही. पण बसले होते हो! पोस्टमन तर फार छान आला."

सात नोंदी खोडल्या. चौऱ्याऐंशी उरल्या. बायको आणि मुली धरून सत्त्याऐंशी. ते एका कॅमेऱ्यावरची धूळ पुसू लागले. तो कॅमेरा त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा पुसला होता.

"अहो, आम्ही परत बसलो तर मोजाल का?" बायकोने विचारलं.

अटीत शंभर तिकिटं असं होतं, शंभर माणसं असं नव्हतं. "तिकीट काढलंत तर मोजावं लागेल," मी म्हणालो.

तिघी खाली गेल्या, वर आल्या, तिकिटं काढून बसल्या. असं चार वेळा. एकदाही अण्णांनी आठाचे सात केले नाहीत. "अक्का, मघापेक्षा छान," ते बायकोला म्हणाले. चौथ्या वेळी धाकटी खुर्चीतच झोपली. "ही मुळीच हलली नाही," ते म्हणाले.

नव्व्याण्णव झाली. तिघी माझ्याकडे पाहू लागल्या.

मोजणाऱ्याने स्वतः मोजणीत यावं का, याचा मी बराच विचार केला. मग दहा पैसे पुढे केले.

"तुमच्याकडून कसे घेऊ?" ते म्हणाले.

"मग तिकीट होत नाही."

त्यांनी पैसे घेतले आणि तिकीट फाडून दिलं. चिमटा मानेला गार लागला. आठ झाल्यावर झाकण लागलं, पण ते कापडाखालून लवकर बाहेर आले नाहीत.

ती खोली आणखी सहा वर्षं त्यांच्याकडे राहिली. ते गेले, त्याच महिन्यात तिथे डार्करूम झाली.

पुढे मला कारखान्याच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. पुतण्याने खाली स्टुडिओत ठेवलेली खुर्ची तीच होती. चिमटा कापून टाकला होता.

दिवा चमकला. "झालं, उठा," पुतण्या म्हणाला.

मी उठलो नाही.

"काय झालं?"

"पाच झालेत," मी म्हणालो.

आठ झाल्यावर उठलो. तीन प्रतींचे दोन रुपये पुतण्याला दिले.